पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या मुलांसाठी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाचा जोर ओसरू लागला की आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर आंतरशालेय स्पर्धांचे निकाल येऊ लागतात. परळमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी ३३ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि २०२२ साली निवृत्त झाले. तरीही सकाळी पेपर हातात आला की मी आधी तेच पान उघडते, आणि कोण जिंकले हे पाहण्याऐवजी कोणत्या शाळा पहिल्याच फेरीत हरल्या हे शोधते. माझे बहुतेक संघ पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरत आले, त्यामुळे त्या शाळांच्या मुलांचा दुसरा दिवस कसा जातो हे मला ठाऊक आहे.

वार्षिक बक्षीस समारंभाला आलेले पाहुणे हमखास सांगतात की, खेळामुळे मुलांच्या अंगी चिकाटी येते. माझाही त्यावर विश्वास आहे, नाहीतर इतकी वर्षे उन्हातान्हात शिटी घेऊन मी उभी राहिले नसते. परंतु हे वाक्य अर्धेच आहे. हरल्यानंतर मुलाला पुन्हा खेळायला मिळाले, तरच खेळातून चिकाटी येते. आपल्या शालेय स्पर्धांची रचना मात्र अशी आहे, की ज्या मुलांना ही गोष्ट शिकायची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्यांनाच ती संधी मिळत नाही. याविषयी आपल्या वाचकांपुढे, आणि जमल्यास स्पर्धा भरवणाऱ्यांपुढे, काही मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे.

जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा बहुतेक करून बाद पद्धतीने होतात. ६४ शाळांनी नावे दिली, तर पहिल्या फेरीत ३२ सामने होतात आणि ३२ शाळा तिथेच बाहेर पडतात. म्हणजे निम्म्या शाळांचा वर्षभराचा स्पर्धात्मक खेळ एकाच सामन्यात आटोपतो. चौदा वर्षांखालील मुलींचा खो-खोचा सामना जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. जूनपासूनचा सराव, पालकांच्या सह्या, जन्मदाखल्याच्या प्रती, मुख्याध्यापकांचा शिक्का मारलेली ओळखपत्रे, डबे नि पाण्याच्या बाटल्या घेऊन लोकलने केलेला प्रवास, आणि मग अर्ध्या तासात सगळे संपून परतीची वाट. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी विचारले की "हरलो" एवढा एकच शब्द सांगायचा असतो. पुढचा सामना थेट पुढच्या वर्षी, तोही वयोगटात बसलात तर.

आमच्या शाळेतली एक मुलगी मला या संदर्भात नेहमी आठवते. साधारण २५ वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीत असताना ती प्रथम खो-खोच्या संघात आली. वडिलांची गिरणी बंद पडलेली, आई शिवणकाम करणारी, अशा घरातली. संरक्षणात, म्हणजे पाठलाग चुकवत पळायच्या पाळीत, मुली तिघी-तिघींच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात; ती तिसऱ्या तुकडीत असे. पहिल्या वर्षी सामन्यात ती मैदानात उतरली आणि आठ-दहा सेकंदांत बाद झाली. दुसऱ्या डावात तिच्या तुकडीची पाळी येण्याआधीच वेळ संपली. आम्ही हरलो. आठवीतही पहिल्याच फेरीत आमची गाठ एका भारी संघाशी पडली आणि ती पुन्हा तशीच बाद झाली. म्हणजे दोन वर्षांच्या सरावानंतर स्पर्धेच्या मैदानावर संरक्षक म्हणून तिच्या वाट्याला जो खेळ आला, तो अर्धा मिनिटही भरला नसता.

तिची चूक काय होते हे तिलाही कळत होते आणि मलाही. पाठलाग करणारी मुलगी किती मागे आहे हे पाहण्यासाठी ती धावता धावता मान वळवून मागे बघत असे, आणि तेवढ्यात तिचे अर्धे पाऊल मागे पडत असे. खो-खोत अर्धे पाऊल म्हणजे सगळेच. ही सवय मोडायला तिने स्वतःच एक उपाय काढला. दुपारचे सत्र सुटले की मैत्रिणीला मागून "खो" ओरडत धावायला सांगायचे आणि स्वतः समोरच्या खांबावर नजर ठेवून पळायचे. खांबाला वळसा घेताना उजवा पाय जिथे पडे तिथे ती विटेच्या तुकड्याने जमिनीवर रेघ ओढी. पाय खांबाच्या जितका जवळ पडेल तितका वळसा लहान. दुसऱ्या दिवशी कालच्या रेघेच्या बोटभर आत पाय पडला पाहिजे, असा तिचा हिशेब होता. पाऊस पडला की रेघ पुसली जायची आणि ती अंदाजाने पुन्हा ओढायची. मी मैदानाच्या कडेला हजेरीपत्रक भरत बसलेली असे. तिला मी यातले काहीही शिकवले नव्हते.

नववीत सामन्याला उतरली तेव्हा ती २ मिनिटांहून अधिक वेळ पळाली. माझ्या हातातले घड्याळ मी दोनदा पाहिले. एकदाही तिने मान वळवली नाही. तो सामना आम्ही एका गुणाने हरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचे फाटक बंद करायला शिपाई आला तेव्हा ती खांबापाशी होती आणि नवी रेघ ओढत होती.

यानंतर जे झाले ते सांगायला मला आजही जड जाते. जून उजाडला, ती दहावीत गेली, आणि आमच्या शाळेचा नियम असा की दहावीची मुले कोणत्याही संघात घ्यायची नाहीत. निकालाची टक्केवारी हे त्यामागचे कारण होते. मी त्या वेळी एका शब्दाने विरोध केला नाही. यादीतून तिचे नाव मीच खोडले. ती एकदा विचारायला आली, मी "आता अभ्यास कर" म्हटले, आणि ती गेली. पुढे तिचे काय झाले, ती कुठे असते, मला माहीत नाही. तीन वर्षे हरून जी मुलगी चौथ्या वर्षी पुन्हा उभी राहायला तयार होती, तिला थांबवणारी मी होते. निवृत्तीनंतर मला कोणत्याही ढाली-चषकांची आठवण येत नाही. ती यादी आठवते.

आपल्या भाषेत जिद्द आणि चिकाटी हे शब्द जोडीने येतात, आणि भाषणांत तर ते एकाच दमात म्हटले जातात. मुलांना रोज पाहणाऱ्या माणसाला त्यांतला फरक दिसतो. जिद्द सामन्याच्या दिवशी दिसते. ती पेटते, आणि जिंकलेल्या संघाकडेही असते, हरलेल्या संघाकडेही. चिकाटी सामन्यानंतरच्या मंगळवारी दिसते, जेव्हा टाळ्या वाजवायला कोणी नसते आणि कालच्या चुकीवर काम करायचे असते. चिकाटी म्हणजे तीच गोष्ट तशीच शंभर वेळा करणे, असेही पुष्कळांना वाटते. माझा अनुभव तसा नाही. त्या मुलीने मान वळवून पळण्याचा सराव शंभर वेळा केला असता तर ती शंभर वेळा बाद झाली असती. हरणे कुठून आले हे शोधून, त्यातली एखादी गोष्ट बदलून, पुन्हा त्याच ठिकाणी उभे राहायला यावे लागते. म्हणूनच पुढचा सामना समोर असावा लागतो. तो वर्षभर लांब असेल, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्या हरण्याचा काहीही उपयोग करता येत नाही. ते केवळ हरणे म्हणून मनात राहते, आणि हळूहळू "आपल्याला हे जमत नाही" या वाक्यात मुरते.

कबड्डीचे उदाहरण घ्या. परळ-लालबागच्या लोकांना ते समजावून सांगायला नको. जुन्या काळी कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. गामिनीत एकदा बाद झालेला गडी पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. आज जगभर जी कबड्डी खेळली जाते, ती या संजीवनीच्या वळणाची आहे. बाद झालेला मुलगा बाहेर बसतो, पण त्याचे डोळे मैदानावरच असतात, कारण आपल्या चढाईपटूने एक गुण आणला की त्याला उठून आत जायचे असते. मघाशी आपली पकड कुठे सुटली याचा विचार तो तिथे बसल्या बसल्या करत असतो. या खेळाने स्वतःसाठी बाद गड्याला परत आणणारी रीत निवडली, आणि आपण त्याच खेळाच्या शालेय स्पर्धा मात्र गामिनीच्या रीतीने चालवतो, याचे मला वाईट वाटते.

मुंबईच्या शालेय क्रिकेटची गोष्ट निघाली की फेब्रुवारी १९८८ मधला हॅरिस शील्डचा उपांत्य सामना निघतोच. आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. हे आकडे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असतात. मी मात्र वर्गात हा सामना सांगताना त्यातल्या दुसऱ्या दोन मुलांविषयी जास्त बोलत असे.

पहिला अमोल मुझुमदार. पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून बसला होता, आणि दोघे बाद होईनात म्हणून ती सगळी भागी त्याने बाहेरून पाहिली. मुंबईसाठी प्रथम श्रेणीच्या पदार्पणात त्यांनी २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा नि ३० शतके जमवली, तरी भारताच्या संघातून खेळण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. ते क्रिकेट सोडून गेले नाहीत, मुले घडवत राहिले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर बसून मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

दुसरा साईराज बहुतुले. तो त्या सामन्यात झेवियर्सकडून गोलंदाजी करत होता, आणि त्याच्या चेंडूंवर १८० हून अधिक धावा निघाल्या. शाळकरी वयात, सगळ्यांच्या देखत, एवढा मार खाल्लेल्या लेगस्पिनरने चेंडू ठेवून दिला असता तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. पुढे तरुणपणी मोटार अपघातात पायाला गंभीर दुखापतही झाली. तरीही ते मुंबईसाठी उभे राहिले, प्रथम श्रेणीत ६०० हून अधिक बळी घेतले आणि भारतासाठी कसोटीही खेळले. तेंडुलकरांसारखी प्रतिभा मी माझ्या मुलांना देऊ शकत नव्हते. मार खाल्लेल्या गोलंदाजाने पुन्हा चेंडू हातात घेतला, हे मात्र कोणत्याही मुलाला सांगता येते. त्याच्यापुढे पुढचा सामना होता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

असेच खाशाबा जाधवांचे. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, आणि शाळाशाळांत १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाची गोष्ट सांगितली जाते. त्याआधी १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते, हे बहुतेक भाषणांत येत नाही. सहाव्या क्रमांकापासून तिसऱ्या क्रमांकापर्यंतची चार वर्षे हीच मुलांना सांगण्याजोगी गोष्ट आहे, असे मला वाटते.

नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी एक छोटा प्रयोग करून पाहिला. त्याला प्रयोग म्हणणेही मोठे होईल. शाळेच्या संघात बारा जणींची नावे लागत, पण जूनमध्ये सरावाला चाळीस-चाळीस मुली येत. निवड झाली की उरलेल्या अठ्ठावीस जणी घरी. या मुलींसाठी मी पाचवी ते सातवीच्या वर्गांचे सहा संघ केले आणि साखळी पद्धतीने सामने लावले. सहा संघांचे पंधरा सामने होतात आणि प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात. डाव पाच-पाच मिनिटांचा ठेवला, पंच म्हणून नववीच्या मुली, आणि वेळ आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीची. खर्च चुन्याच्या एका पोत्याचा.

सहावीच्या एका वर्गाचा संघ पहिले तीन सामने सपाटून हरला. तिसऱ्या सामन्यानंतर त्या मुली आपापसांत कडाकडा भांडल्या, इतक्या की मला मध्ये पडावे लागले. चौथ्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमच्या तुकड्या बदलून हव्यात." सगळ्यांत चपळ तिघींना त्यांनी पहिल्या तुकडीत ठेवले होते आणि त्या दमल्यावर मागे कोणी उरत नव्हते, आता प्रत्येक तुकडीत एक चपळ मुलगी ठेवायची, असे त्यांनी मैदानाच्या कडेला बसून ठरवले होते. चौथा सामनाही त्या हरल्या, पण थोडक्यात. पाचवा बरोबरीत सुटला. अकरा वर्षांच्या मुलींनी स्वतःच्या पराभवाचे केलेले हे विश्लेषण मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवू शकले नसते. तिसऱ्या पराभवानंतर स्पर्धा संपली असती, तर त्या सगळ्याचा शेवट भांडणातच झाला असता.

याचा अर्थ प्रत्येक पराभव मुलाला काही शिकवतोच, असे मी म्हणत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका आंतरशालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ धावांचा विक्रम केला. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत आटोपला. विक्रम करणाऱ्या मुलाचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु समोरच्या मुलांना त्या सामन्यातून चिकाटी शिकता आली असेल, असे मला वाटत नाही. इतक्या विषम लढतीत काय बदलावे हेच कळत नाही. मुलाला आपल्याच तोलामोलाच्या संघाशी खेळायला मिळाले पाहिजे. तो हरला तरी थोड्या फरकाने हरला, म्हणजे तो फरक भरून काढण्याचा विचार त्याच्या मनात येतो. नेमके याच कारणासाठी माझी सूचना अशी आहे की, पहिल्या फेरीत हरलेल्या शाळांची एक वेगळी फेरी भरवावी, चार-चार शाळांचे गट करून साखळी पद्धतीने सामने घ्यावेत आणि प्रत्येक शाळेला निदान तीन सामने अधिक मिळावेत. हरलेले संघ एकमेकांशी खेळले की लढती आपोआप बरोबरीच्या होतात.

अडचणी मला माहीत आहेत. मैदाने कुठे आहेत, असा पहिला प्रश्न येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिलेले असले, तरी मुंबईत इमारतीलाच जागा पुरत नाही तिथे मैदानाचे काय बोलावे. परंतु खो-खोचे पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. लहान गटाला त्याहूनही कमी जागा लागते. परळ, शिवडी, नायगाव, दादर या पट्ट्यात अशी जागा असलेल्या काही शाळा आणि व्यायामशाळा नक्कीच आहेत, आणि चार शेजारच्या शाळा शनिवारी सकाळी एकत्र आल्या तर सहा सामने दुपारच्या जेवणाआधी उरकतात. पंच कोण, हा दुसरा प्रश्न. त्याला माझे उत्तर माझ्या नववीच्या मुली हे आहे. जिल्ह्याच्या मुख्य स्पर्धेला अधिकृत पंच हवेत हे मान्य. पण हरलेल्या शाळांच्या या वेगळ्या फेरीतल्या सामन्यांना शेजारच्या शाळेचे शिक्षक आणि मोठी मुले पुरेशी आहेत. हंगाम संपल्यापासून वार्षिक परीक्षेची तयारी सुरू होईपर्यंत थोडे रिकामे दिवस मिळतात, ते यासाठी वापरता येतील.

दहावीबद्दल मला पालकांशी बोलायचे आहे. मुलगा किंवा मुलगी दहावीत गेली की खेळ बंद, हा जणू कुळाचार झाला आहे, आणि मुलींच्या बाबतीत तो आठवीपासूनच सुरू होतो. सामन्याला गेल्यावर कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृह नसते, परतायला उशीर होतो, आणि आई काळजीने म्हणते की पुरे आता. त्या आयांना मी दोष देत नाही. आडोसा आणि स्वच्छतागृह ही स्पर्धा भरवणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडल्याशिवाय मुलींच्या संघांची संख्या घटली म्हणून कोणी हळहळू नये. पण आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास सराव चालू ठेवल्याने दहावीचा निकाल बिघडतो, हे मी ३३ वर्षांत कधी पाहिले नाही. उलट बीजगणिताचे न सुटणारे उदाहरण बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेणे, ही तीच सवय आहे जी त्यांनी खांबापाशी लावून घेतलेली असते.

खेळाच्या सवलतीच्या गुणांविषयी थोडक्यात. ते असावेत; त्यामुळे खेळणाऱ्या मुलांना आधार मिळाला आहे. मात्र ते गुण गाठलेल्या पातळीवर ठरत असल्याने पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलाशी त्यांचा संबंध येत नाही, आणि पालकांचा "बाई, मार्क मिळतील ना?" हा प्रश्न आल्यावर नाही म्हणावे लागले की ते मूल सरावाला यायचे थांबते, हे मी वारंवार पाहिले. पाच वर्षे नियमित सराव केलेल्या, स्पर्धेत उतरलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्याची निदान एका ओळीची नोंद वर्गशिक्षकांनी करावी, एवढे तर कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता उद्यापासून करता येईल. आणि पी. टी.चा तास गणिताला देऊ नये. हे मी सहकाऱ्यांना सेवेत असताना सांगायचे, आता आपल्यामार्फत सांगते.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. आपल्या क्रीडा पानावरच्या शालेय बातम्यांत एक ठरलेले वाक्य असते: "पराभूत संघातर्फे अमुक हिने एकाकी लढत दिली." त्या नववीतल्या मुलीच्या सामन्याची चार ओळींची बातमी एका दैनिकात आली होती आणि तिच्या शेवटी हे वाक्य तिच्या नावासह छापलेले होते. तिने ते कात्रण मला दाखवायला आणले, मी ते शिक्षकखोलीतल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, आणि मी निवृत्त होऊन कपाट रिकामे केले तेव्हाही ते तिथेच होते, पिवळे पडलेले, पण वाचता येण्याजोगे. अलीकडे हे वाक्य बातम्यांत पूर्वीइतके दिसत नाही. जागेची अडचण असेल, हे मी समजू शकते. बातमी कापावी लागली, तर नाणेफेक कोणी जिंकली, पाहुणे कोण होते, बक्षीस कोणाच्या हस्ते दिले, हे खुशाल कापावे. पराभूत संघातल्या त्या एका मुलाचे नाव तेवढे राहू द्यावे, ही आग्रहाची विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका
परळ, मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)